ग्रहण, विळी आणि बाळाचा ओठ

२०२२च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन सोमवारी, २४ ऑक्टोबरला झालं आणि पाडवा बुधवारी. मधल्या मंगळवारी सूर्यग्रहण होतं. मावळतीच्या आधी ग्रहण लागलं आणि तसाच ग्रासलेला सूर्य अस्ताला गेला. त्या संध्याकाळी कितीतरी घरांत फराळाच्या डब्यांत तुळशीची पानं पडली, देव झाकून ठेवले गेले आणि घरात कुणी गरोदर असेल तर वेध लागल्यापासून तिला एका जागी बसवलं गेलं. काही चिरायचं नाही, शिवायचं नाही, मोडायचं नाही, दुमडायचं नाही. विळी, कात्री, सुई तिच्या नजरेपुढून उचलून ठेवायची. हे सगळं कशासाठी, असं विचारलं तर शिकलेल्या आणि न शिकलेल्या घरांतून उत्तर एकच येतं : बाळाचा ओठ फाटतो.

ओठ दुभंगलेली बाळं जन्मतात, हे खरं आहे. जगभरात साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू किंवा दोन्ही दुभंगलेलं असतं. जन्मजात व्यंगांमध्ये हे फार सर्रास आढळणारं व्यंग आहे आणि उपचाराने ज्यांचा निकाल उत्तम लागतो अशांपैकीही आहे. त्यावर शस्त्रक्रिया आहे, ती ठरलेल्या वयात करता येते, महाराष्ट्रात ती मोफतही होते. तरीही अशा बाळाच्या आईला भेटलं की बाळाच्या ओठाबद्दल ती कमी बोलते. आपण काय केलं असेल, याबद्दलच जास्त बोलते.

या लेखात मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. असं बाळ जन्मलं की पहिल्या दिवशी आईच्या पदरात दोष पडतो की माहिती, यावर बाळाचे पुढचे कित्येक महिने अवलंबून असतात. हा प्रश्न नुसता मायेचा नाही. तो दुधाचा आणि वजनाचा आहे.

पहिला तास

नाशिक जिल्ह्यातल्या एका आईशी मी बरंच बोलले. तिची इच्छा म्हणून नावगाव देत नाही. पहिलं बाळंतपण, त्यामुळे रिवाजाप्रमाणे ती माहेरी आली होती. सोनोग्राफी झाली होती, सगळं ठीक आहे म्हणून सांगितलं होतं. बाळ रडलेलं तिने ऐकलं. मग खोलीतलं बोलणं एकदम थांबलं. सिस्टरने बाळ पुसलं, गुंडाळलं आणि तिला न दाखवताच बाहेर नेलं.

‘‘मुलगा का मुलगी, तेसुद्धा कुणी सांगेना,’’ ती म्हणाली. ‘‘आई आत आली ती डोळे पुसतच. मला वाटलं, बाळ गेलं.’’

बाळ तिच्या कुशीत आलं ते पुष्कळ उशिरा, आणि तेही तोंडावर दुपटं ओढून. डावीकडे ओठ नाकपुडीपर्यंत उघडा होता आणि आत टाळूतही फट होती. काय झालंय, ते एका वाक्यात सांगून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे गेले. ऑपरेशनने बरं होतं, असंही ते म्हणाले होते, पण ते तिच्या कानात शिरलंच नाही. कधी करायचं, कुठे करायचं, तोवर बाळाला पाजायचं कसं, हे विचारायचं भान त्या वेळी कुणालाच नव्हतं.

सासरी फोन कुणी करायचा, यावर वडील आणि भाऊ बराच वेळ अडून बसले. बाळंतपण माहेरी झालेलं, म्हणजे काही वेडंवाकडं झालं तर जबाबदारी माहेरची, असा आपल्याकडचा अलिखित हिशेब. फोनवर सासूबाईंचा पहिला प्रश्न आला तो ग्रहणाचा. सातव्या महिन्यात ग्रहण होऊन गेलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. सुनेने काही चिरलं नव्हतं. चिरायला तिला दिलंच कुणी नव्हतं. पण त्या रात्री तिने एकेक क्षण आठवायला सुरुवात केली आणि पहाटेपर्यंत तिला आठवलं की, ग्रहण सुटायच्या आधी तिने साडीला सेफ्टी पिन लावली होती.

पाचवीच्या रात्री सटवाईची पूजा झाली. सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचं भविष्य लिहून जाते, असं मानतात. त्या रात्री घरातल्या सगळ्या बायका बाळाच्या कपाळाकडे न बघता ओठाकडे बघत होत्या, असं ती म्हणाली. बारसं झालं नाही, नुसतं नाव ठेवलं. ऑपरेशन होईपर्यंत बाळाचा एकही फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर गेला नाही. पहिल्या तीन-चार महिन्यांचे त्याचे फोटो आहेत ते फक्त डॉक्टरांनी केसपेपरसाठी काढलेले.

ओठ जुळतो कधी

त्या सेफ्टी पिनेचा निकाल आधी लावायला हवा.

गर्भात चेहरा तयार होतो तो अगदी सुरुवातीला. गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या सुमारास भावी तोंडाच्या भोवती उतींचे काही उंचवटे दिसू लागतात. वरून नाकाच्या बाजूचे दोन आणि दोन्ही गालांकडून एकेक असे हे उंचवटे वाढत वाढत एकमेकांकडे सरकतात आणि जुळतात. त्यातून वरचा ओठ, नाकाचा तळ आणि पुढची हिरडी तयार होते. सातव्या आठवड्याच्या आसपास हे काम संपलेलं असतं. टाळू थोडा उशिरा जुळतो. त्याचे दोन पडदे आधी जिभेच्या दोन्ही बाजूंना उभे लोंबत असतात. जीभ खाली जाते तसे ते वर उचलले जातात, आडवे होतात आणि मधोमध एकमेकांना भिडतात. बाराव्या आठवड्यापर्यंत तेही पुरं होतं. या हालचालीत कुठे उशीर झाला, एखादा उंचवटा कमी वाढला, दोन कडा वेळेत भेटल्या नाहीत, तर तिथे फट राहते.

याचा अर्थ असा की, दुसऱ्यांदा पाळी चुकते त्या सुमारास बाळाचा ओठ जुळायचा तर जुळलेला असतो, राहायचा तर राहिलेला असतो. कित्येक घरांत तोवर बातमी सासूपर्यंतही गेलेली नसते. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाच्या वेळी ओठाचा निर्णय होऊन कित्येक महिने लोटलेले असतात. त्या दिवशी कुणी भाजी चिरली काय, पिन लावली काय, जुळलेला ओठ पुन्हा उघडत नाही.

मेक्सिकोतही ग्रहणाने बाळाचा ओठ तुटतो, असं मानतात. ग्रहण म्हणजे कुणीतरी चंद्राचा लचका तोडला, तसाच पोटातल्या बाळाच्या ओठाचाही तुटेल, अशी तिथली जुनी, आझ्टेकांच्या काळापासूनची समजूत. त्यावर तिथे बायका काय करतात? गरोदर बाई ग्रहणात पोटाजवळ कपड्याला लोखंडी वस्तू लावते. किल्ली, नाहीतर सेफ्टी पिन. जी पिन तिथे बाळाची राखण करते, तीच नाशिक जिल्ह्यातल्या एका मुलीला रात्रभर झोपू देत नाही. आणि दुभंगलेल्या ओठाची बाळं तिथेही जन्मतात, इथेही जन्मतात, ग्रहण अजिबात न पाळणाऱ्या देशांतही जन्मतात.

मग कारण काय? एकच एक कारण बहुतेक बाळांच्या बाबतीत बोट ठेवून दाखवता येत नाही. अनेक जनुकं आणि गर्भाभोवतालची परिस्थिती यांच्या एकत्र परिणामातून हे घडतं. काही कुटुंबांत ते पिढ्यांमधून येतं. आईला गर्भधारणेआधीपासून असलेला मधुमेह, गरोदरपणातलं धूम्रपान, फिट्सवरची व्हॅलप्रोएटसारखी काही औषधं यांनी धोका वाढतो. म्हणून फिट्सची औषधं चालू असलेल्या मुलीने दिवस जाण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. गोळ्या परस्पर बंद करणं त्याहून धोक्याचं. आपल्याकडे बायका मशेरी लावतात. तीही तंबाखूच आहे आणि बाळाचं वजन ती कमी करते, तेव्हा गरोदरपणात ती सुटलीच पाहिजे. फॉलिक अॅसिड दिवस जाण्याआधीपासून घ्यावं. मज्जारज्जूच्या व्यंगांपासून ते वाचवतं, हे पक्कं आहे.

पण यातलं सगळं व्यवस्थित पाळलेल्या आईलाही असं बाळ होतं. आईवडील दोघांनाही काही नसताना पहिलं बाळ असं झालं, तर पुढच्या बाळाला तसं होण्याची शक्यता तीन ते पाच टक्क्यांच्या आसपास असते. उलट बाजूने बघितलं तर पुढचं बाळ या व्यंगाशिवाय जन्मण्याची शक्यता पंचाण्णव टक्के किंवा त्याहून अधिक असते. ही माहिती ज्या घरात पोचत नाही, तिथे सुनेला दुसऱ्यांदा दिवस जाऊ देण्यावरूनच चर्चा सुरू होते.

सोनोग्राफीत कसं दिसलं नाही, हा आणखी एक प्रश्न घराघरांत विचारला जातो. अठरा ते वीस आठवड्यांच्या तपासणीत ओठाची फट दिसू शकते. पण बाळाचं तोंड कुठे वळलंय, हात आडवा आहे का, यावर ते अवलंबून असतं. नुसत्या टाळूची फट बहुतेकदा दिसतच नाही. आधी कळलं तर त्याचा मोठा उपयोग आहे. आईवडील जन्माच्या आधीच सर्जनला भेटू शकतात, ऑपरेशन झालेली मुलं बघू शकतात आणि बाळ येतं तेव्हा खोलीत कुणी गोंधळलेलं नसतं.

दूध

बाळ आईला पिताना ओठांनी स्तन धरतं आणि तोंड बंद करून आत ओढ निर्माण करतं. ही ओढ तयार व्हायला तोंडाची पोकळी चारी बाजूंनी बंद लागते. नुसता ओठ दुभंगलेला असेल तर बहुतेकदा काही अडत नाही. आईचा स्तन मऊ असतो, तो त्या फटीत बसतो आणि बाळ नीट पितं. टाळू दुभंगलेला असेल तर गोष्ट वेगळी. तोंड आणि नाक आतून एकच झालेलं असतं. भोक पडलेल्या स्ट्रॉने ओढावं तशी बाळाची गत होते. ते जीव तोडून ओढतं, दमतं, झोपी जातं, पुन्हा भुकेने उठतं. थोडं दूध येतं ते नाकातून बाहेर पडतं. ते बघून आई घाबरते, पाजणं थांबवते. बाळ वाळत जातं.

म्हणूनच पहिल्या दिवशी आईला शिकवायची पहिली गोष्ट ऑपरेशनची नाही, पाजण्याची आहे. बाळाला आडवं न धरता जवळजवळ बसतं धरायचं, डोकं वर, पाठीला आपल्या हाताचा आधार. दूध हाताने पिळून स्वच्छ वाटीत काढायचं आणि चमच्याने किंवा बोंडल्याने पाजायचं. बोंडलं आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या होतं. लहानशी वाटी आणि पुढे निमुळती पन्हळ. आजच्या दवाखान्यांत ते पालाडे या दक्षिणी नावाने पुन्हा आलंय. पन्हळीचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, फट नसलेल्या अंगाला टेकवायचं आणि बाळ गिळेल तसं थेंबथेंब सोडायचं. मध्येमध्ये थांबून खांद्यावर घेऊन ढेकर काढायचा, कारण अशी बाळं दुधाबरोबर पुष्कळ हवा गिळतात. नाकातून दूध आलं तर घाबरायचं नाही, थांबायचं, पुसायचं, पुन्हा सुरू करायचं. अर्ध्या तासाच्या आत पाजणं संपवायचं. त्याहून लांबलं तर बाळ जेवढं पितं त्याहून जास्त शक्ती ओढण्यात घालवतं.

मी ज्या आईबद्दल लिहिते आहे, तिला हे कुणी दाखवलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी घरी सोडलं. बाळाला अंगावर धरायचं, बाळ रडायचं, ती रडायची. मग कुणीतरी गाईचं दूध पाण्यात पातळ करून बाटलीने द्यायला सांगितलं. जन्माच्या वेळी २ किलो ७०० ग्रॅम असलेलं बाळ महिन्याने जेमतेम तेवढंच होतं. ती सांगत होती की, त्या महिन्यात बाळाकडे बघायलाच नको वाटायचं. आपल्यामुळे झालं, आपण पाजलं तरी त्याला पुरत नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी वाईट आहे.

हेच मला दाखवायचं आहे. दोष आणि दूध यांचा संबंध असा सरळ आहे. दोषाने खचलेली आई बाळापासून लांब जाते, तिचं दूध आटतं आणि पाजायचं तंत्र शिकायला लागणारी चिकाटी तिच्यात उरत नाही. अशा वेळी सासूने एखाद्या पाजणीला बोंडलं हातात घेतलं, नवऱ्याने रात्री बाळाला खांद्यावर घेऊन ढेकर काढला, तर त्याचा परिणाम वजनकाट्यावर दिसतो.

या बाळाच्या घरी बदल झाला तो आशाताईंमुळे. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येऊन बाळ बघायचं असतं, वजन करायचं असतं. वजन वाढत नाही, हे त्यांनी वहीत बघितलं आणि आईला घेऊन त्या जिल्हा रुग्णालयात गेल्या. तिथे एका नर्सने बोंडल्याने पाजून दाखवलं. पहिल्याच वेळी बाळ न रडता पोटभर प्यायलं आणि झोपलं. ‘‘तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की हे माझं बाळ आहे,’’ असं ती आई म्हणाली.

दहा आठवडे, दहा पौंड, दहा ग्रॅम

ओठाच्या ऑपरेशनसाठी सर्जन लोकांचा एक जुना ठोकताळा आहे. बाळ दहा आठवड्यांचं असावं, वजन दहा पौंड म्हणजे साडेचार किलोच्या आसपास असावं आणि हिमोग्लोबिन दहा ग्रॅम असावं. हल्ली बहुतेक ठिकाणी तीन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ओठ शिवतात. टाळू त्यानंतर, साधारण नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान, कारण बोलणं सुरू व्हायच्या वेळी टाळू बंद असलेला बरा. ठरलेली तारीख सर्दीने पुढे जाते, हिमोग्लोबिन कमी भरलं म्हणून पुढे जाते. लांबून एसटीने आलेल्या आईबापांना परत जावं लागतं तेव्हा ते मोडून पडतात. पण भुलीची जोखीम त्या सर्दीमुळेच वाढते, तेव्हा ही वाट बघणं बाळाच्या भल्याचंच असतं.

ऑपरेशन टेबलवर सर्वांत आधी शाई लागते. सर्जन भिंगाच्या चष्म्यातून ओठाच्या कडेवर बारीक निळे ठिपके देतो. ओठाच्या वरच्या कडेला मधोमध धनुष्यासारखा बाक असतो. त्याचं एक टोक, दुसरं टोक, मधला खळगा, नाकपुडीचा तळ, असे एकेक बिंदू मोजून ठरतात. निरोगी बाजूची उंची मोजायची आणि तेवढीच दुसऱ्या बाजूला मिळवायची. त्वचा आणि लालसर ओठ यांच्यामध्ये एक पुसट पांढरी रेघ असते. ती दोन्हीकडून एका ओळीत आली नाही तर मोठेपणीही ते डोळ्यांत भरतं. नुसती कातडी जोडून भागत नाही. तोंडाभोवती कड्यासारखा फिरणारा स्नायू फटीमुळे तुटलेला आणि वर नाकाकडे चुकीच्या जागी चिकटलेला असतो. तो सोडवून दोन्ही बाजूंचा एकमेकांना जोडावा लागतो, तरच बाळ पुढे ओठ मिटू शकतं, शिट्टी वाजवू शकतं. आज जगभर केल्या जाणाऱ्या पद्धतींवर १९५०च्या दशकात अमेरिकन सर्जन राल्फ मिलार्ड यांनी बसवलेल्या रचनेची छाप आहे.

आपल्या मुलखाला या विद्येची जुनी ओळख आहे. सुश्रुतसंहितेत कान आणि नाक यांच्याबरोबर ओठ सांधण्याचाही उल्लेख आहे. कपाळाची त्वचा फिरवून नाक तयार करण्याची पुण्याजवळ झालेली शस्त्रक्रिया १७९४मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये छापून आली आणि तिथून युरोपच्या प्लास्टिक सर्जरीला चालना मिळाली. अलीकडच्या काळात मुंबईच्या डॉ. चार्ल्स पिंटो यांचे शिष्य डॉ. हिरजी अडेनवाला यांनी केरळमधल्या त्रिशूरच्या मिशन रुग्णालयात आयुष्य घालवून दुभंगलेल्या ओठांवर हजारो शस्त्रक्रिया केल्या आणि तिथल्या केंद्राला आपल्या गुरूंचं नाव दिलं.

महाराष्ट्रात पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांना डॉ. शरदकुमार दीक्षित यांची शिबिरं आठवत असतील. अमेरिकेत स्थायिक झालेल्या या प्लास्टिक सर्जनला मोटार अपघातानंतर अर्धांगवायू झाला, घशाचा कर्करोग झाला, हृदयविकाराने गाठलं. तरी ते दर वर्षी भारतात येत आणि गावोगावच्या शिबिरांत मोफत ऑपरेशनं करत. भारतीय जैन संघटनेसारख्या संस्था आणि स्थानिक क्लब मांडव घालत, रुग्णांची नोंद करत, जेवणाची सोय करत. या शिबिरांत लहान बाळांबरोबर विशी-तिशीची माणसंही रांगेत असायची, कारण तोपर्यंत हे बरं होतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. २०११मध्ये डॉक्टर गेले. शिबिरांची गरज आता कमी होत चालली आहे आणि ती कमी व्हावी हेच बरं. १९९९मध्ये सुरू झालेल्या ‘स्माइल ट्रेन’ या संस्थेच्या मदतीने वर्षभर चालणारी केंद्रं उभी राहिली आहेत. त्यांचं मोल असं की, शिबिर उठून जातं, केंद्र तिथेच राहतं. या व्यंगाच्या मुलाला एकदा भेटणारा डॉक्टर पुरत नाही, वर्षानुवर्षं भेटणारा लागतो.

आमच्या या बाळाचा ओठ पाचव्या महिन्यात शिवला. बाळाने टाक्यांना हात लावू नये म्हणून दोन्ही कोपरांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या बांधल्या होत्या. वडील त्याला पाहून ओक्साबोक्शी रडले. आई मात्र गप्प होती. नंतर तिने सांगितलं की, तिला जुनं हसू आठवत होतं. ऑपरेशनच्या आधी बाळ हसायचं तेव्हा सगळा चेहरा उघडायचा, ते हसू आता पुन्हा दिसणार नव्हतं. अनेक आयांना असं होतं, असं या केंद्रांमधले लोक सांगतात. ज्या चेहऱ्याचे फोटो ती कुणाला दाखवत नव्हती, त्याच चेहऱ्यावर ती मनापासून प्रेम करायला शिकली होती.

आरशावरची वाफ

ओठ शिवला की घर सुटकेचा नि:श्वास टाकतं. लोकांना दिसणारा भाग नीट झालेला असतो. इथेच दुसरी मोठी गळती होते. टाळूच्या ऑपरेशनला काही जण येत नाहीत, आणि टाळू शिवल्यावर वाचा-उपचाराला येणारे आणखी कमी होतात.

आपण प, ब, ट, ड, क, ग म्हणतो तेव्हा तोंडात क्षणभर हवा कोंडली जाते आणि मग सुटते. त्यासाठी टाळूचा मागचा मऊ भाग वर उचलून नाकाची वाट बंद करतो. म, न, ण म्हणताना ती वाट उघडी असते. टाळू दुभंगलेल्या मुलाला हवा कोंडताच येत नाही. त्यामुळे ‘मामा’ छान येतं, ‘नाना’ छान येतं, पण ‘बाबा’ म्हणायला गेलं की ‘मामा’च बाहेर पडतं. मूल हुशार असतं. तोंडात जमत नाही म्हटल्यावर ते आवाज घशात दाबून काढायला शिकतं. टाळू शिवल्यानंतरही ही सवय आपोआप जात नाही. ती वाचातज्ज्ञाकडे बसून, खेळत खेळत मोडावी लागते.

असा एक तास मी बघितला. वाचातज्ज्ञ बाईंनी चार वर्षांच्या मुलीच्या नाकाखाली लहानसा आरसा धरला आणि तिला ‘पा पा पा’ म्हणायला सांगितलं. आरशावर वाफ धरली. हवा नाकातून निसटत होती. मग तिच्या तळहातावर कागदाचा कपटा ठेवून तो ‘प’ म्हणत उडवायचा खेळ झाला. कपटा हलेना. नाक चिमटीत धरलं तर उडाला. नाक सोडलं की पुन्हा हलेना. पुष्कळ वेळाने एकदा, नाक मोकळं असताना कपटा हातावरून खाली पडला. बाईंनी लगेच आरसा धरला. त्या एका ‘प’ला आरसा स्वच्छ होता. मुलीच्या आजोबांनी तो आरसा हातात घेऊन उजेडाकडे धरून बघितला. घरी दिवसातून थोडा थोडा वेळ हेच करून घ्यायचं, असं बाईंनी त्यांना समजावलं.

या मुलांचे कानही तपासत राहावे लागतात. टाळू उचलणाऱ्या स्नायूंच्या शेजारचाच एक स्नायू घशापासून कानापर्यंतची नळी उघडतो. तो नीट काम करत नसेल तर पडद्यामागे पाणी साचतं, कमी ऐकू येतं आणि कमी ऐकणारं मूल बोलायलाही उशिरा शिकतं. सात ते अकरा वर्षांच्या दरम्यान, पक्का सुळा येण्याच्या आधी, हिरडीच्या फटीत हाड भरावं लागतं. मग दातांना तारा, आणि वाढ पुरी झाली की गरज असेल तर नाकाचं ऑपरेशन. वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत ही वाट चालते. हे सगळं पहिल्या दिवशी सांगायची गरज नाही. पण वाट लांब आहे, ठरलेली आहे आणि प्रत्येक टप्प्यावर माणूस उभा आहे, एवढं सांगायलाच हवं.

काय व्हायला हवं

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच पालघरमधून झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि पुढचे उपचार मोफत, अशी ही योजना. त्यात बघायच्या जन्मजात व्यंगांच्या यादीत दुभंगलेला ओठ आणि टाळू आहे. प्रसूती होते तिथे डॉक्टर-नर्सने, घरी आशा कार्यकर्तीने, अंगणवाडीत आणि शाळेत गाडीतून येणाऱ्या वैद्यकीय पथकाने बाळ बघायचं आणि जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवायचं. कागदावर रचना चांगली आहे आणि अनेक ठिकाणी ती मनापासून राबवली जाते.

मला त्यात तीन गोष्टी पक्क्या झालेल्या बघायच्या आहेत. प्रत्येक प्रसूतिगृहात किमान एका नर्सला टाळू दुभंगलेल्या बाळाला पाजायचं कसं, हे हाताने करून दाखवता आलं पाहिजे, आणि पाजणं जमल्याशिवाय त्या आईला घरी सोडता कामा नये. दुसरं, बाळ दाखवण्याची रीत ठरली पाहिजे. आईला लवकर, नवऱ्याच्या किंवा तिच्या आईच्या सोबतीने, बाळ तिच्या हातात देऊन, आधी मुलगा की मुलगी ते सांगून, मग ओठ दाखवून, बोट आत घालून टाळू तपासून सांगायचं. आणि त्याच वेळी स्पष्ट शब्दांत, घरच्यांच्या देखत म्हणायचं की, हे तुझ्या कोणत्याही वागण्याने झालेलं नाही. डॉक्टरांच्या तोंडून सासूच्या समोर निघालेल्या या वाक्याचं वजन गोळी-औषधाएवढं असतं. तिसरं, वाचातज्ज्ञ तालुक्यापर्यंत पोचले पाहिजेत. आठवड्याला जिल्ह्याच्या गावी जाऊन येण्यात मजुरी बुडणार असेल तर कुणीही आईबाप चार फेऱ्यांनंतर थांबतील. त्यात त्यांची बेफिकिरी नसते.

अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते ग्रहणाच्या वेळी गरोदर स्त्रियांना धीर देतात, घराबाहेर पडायला, भाजी चिरायला, जेवायला सांगतात. हे काम मोलाचं आहे. ज्यांना ग्रहण पाळायचंच आहे त्यांच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा मी एवढंच मागेन की, पाळायचं तर पाळा, पण उपाशीतापाशी ठेवू नका, आणि बाळ जन्मल्यावर त्या संध्याकाळचा हिशेब आईकडे मागू नका.

तुमच्या नात्यात, शेजारी, ओळखीत असं बाळ जन्मलं तर बघायला जा. बाळंतविडा घेऊन जा, बाळाला मांडीवर घ्या, तोंडावरचं दुपटं बाजूला करा. त्याचे डोळे कुणासारखे आहेत ते बोला. बारसं करायला लावा. आईने फोटो पाठवला तर तो बाकीच्या बाळांच्या फोटोंसारखाच कौतुकाने बघा. आणि विचारायचंच असेल तर तीन गोष्टी विचारा : पितंय का नीट, वजन किती भरलं, ऑपरेशनची तारीख कधीची आहे. त्या दिवशी बाळाबरोबर दवाखान्यात बसायला कुणी हवं असेल, तर मी येते म्हणा आणि खरंच जा.